थरथरत्या बोटाची बातमी

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. हल्ली चार्जरची वायर काढली की खोलीच्या दारापर्यंतसुद्धा मी शुद्धीवर राहत नाही, एवढ्यावरून काय ते समजा. माझ्या काचेला वरच्या कोपऱ्यात तडा आहे आणि पाठीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर निळ्या शाईने ‘म्हातारा’ असं लिहिलेलं आहे. हे बारसं कुणी केलं ते ओघाने येईलच. आज मला तुम्हाला एका बोटाची हकिगत सांगायची आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जन्मलो त्याच दिवशी एका यंत्राच्या रबरी बोटाने माझ्या काचेवर टकटक करून मला तपासलं. सरळ खाली यायचं, टेकायचं, सरळ वर जायचं. जगातली सगळी बोटं अशीच असतात, असा माझा पुढे बराच काळ समज होता. माझं काम साधं आहे. काचेवर जे घडेल ते आत कळवायचं. बोट टेकलं, बोट हललं, बोट उचललं. एवढ्याच बातम्या मी देतो. त्यांचा अर्थ लावायचं काम माझं नाही, ते आतलं ॲप करतं. माझ्या आयुष्यातलं सगळं दुःख या एका वाक्यात आलं आहे, पण ते तुम्हाला आत्ताच कळायचं नाही.

मला विकत घेतलं ते एका मुलीने, पहिल्या पगारातून. घरी तिला चिमी म्हणत. ऑफिसात हे नाव कुणाला कळू नये याची ती डोळ्यांत तेल घालून काळजी घेई. काय कौतुक होतं तेव्हा माझं! तिची आई हात धुऊन, पदराला पुसून मगच मला हातात घ्यायची. बाबांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि पाठीवरची कंपनीच्या नावाची अक्षरं न्याहाळून ‘बरी काढली आहेत’ असा शेरा दिला. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळे अक्षरं पाहिल्याशिवाय त्यांना कोणतीही वस्तू दिसतच नसे. फूटपट्टी न लावता ते भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारत आणि ती पाहायला येणारी-जाणारी माणसं थांबत. चिमीच्या वाटेवर आजही त्यांच्या हातच्या चार पाट्या आहेत. त्यांच्याखालून जाताना ती हटकून वर बघते.

पुढे चिमीने नवा फोन घेतला. मला वाटलं, आता आपली रवानगी अडगळीत. पण चिमी आणि तिचा एक भागीदार मिळून मोबाइलची ॲप बनवायचे. टायरच्या दुकानावर दोन खोल्यांचं त्यांचं ऑफिस होतं. तिथे खिडकीशी एका स्टीलच्या ताटाळ्यात घासलेल्या ताटांसारखे सात-आठ जुने फोन उभे करून ठेवले होते. मीही त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. भागीदाराला सगळं लगेच हवं असे, म्हणून त्याला सगळे ‘झटपट’ म्हणत. आम्हा सगळ्यांची बारशी त्यानेच केली होती. माझ्या वाट्याला ‘म्हातारा’ आलं.

त्यांचं ॲप एकदाच लिहिलं जाई, आतून वेबपानासारखं. मग वेगवेगळ्या फोनांना बसतील अशी कवचं त्याच्यावर चढवली जात. एकाच मापाचा सदरा साऱ्या घराला शिवावा, तसलाच हा प्रकार. कुणाला तोकडा, कुणाला ढगळ. तो कुणाला कुठे टोचतो हे कळावं म्हणून आम्ही ताटाळ्यात होतो. झटपट रोज एकेकाला उचली, चष्मा पुसायच्या फडक्याने काच लख्ख पुशी आणि मग बटणं दाबून बघे. ही तिथली रीतच होती. त्यामुळे आमच्या काचेवर कुणाच्याही बोटाचा डाग म्हणून टिकत नसे.

मग ते लाल बटण आलं.

एका दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना आपल्या रुग्णांच्या घरी द्यायला एक ॲप हवं होतं. श्वासाचा त्रास असलेल्या माणसाला अचानक धाप लागली तर घरातल्या कुणीही नुसतं लाल बटण दाबायचं. दाबलं की लगेच दवाखान्यातल्या नर्सचा आणि एका नातलगाचा फोन वाजायला लागणार. चुकून दाबलं गेलं तर पुन्हा दाबून ते थांबवायचं. चिमीने हे काम मागून घेतलं, कारण तिच्या आईला जुना दमा होता. चिमी दिवसभर ऑफिसात असे आणि घरी आईजवळ फक्त बाबा असत. धाप लागली की आईला एक शब्दही बोलता येत नसे. ते बटण चिमी स्वतःच्याच घरासाठी करत होती म्हणा ना.

तपासणीत माझ्यावर ते बटण उशिरा लागायला लागलं. माझ्यासारख्या जुन्या फोनांना एक खोड असते. बोट उचललं तरी आम्ही क्षणभर थांबतो. माणूस लगेच दुसऱ्यांदा बोट टेकून पान मोठं करणार आहे का, याची वाट पाहतो. चिमीला तो क्षण सहन होईना. तिने स्वतः बसून नवा नियम लिहिला. थांबायचं नाही. बोट टेकलं आणि जागचं न हलता उचललं, की तो दाब समजायचा. जरा हललं, तर माणूस पान वरखाली सरकवतोय असं समजून गप्प बसायचं. बटण विजेसारखं लागायला लागलं. झटपटने प्रत्येक फोनवर ते दाबून पाहिलं, स्वतःच्या धडधाकट बोटाने, आणि तिला चहा पाजला.

तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही. ऑफिसातली सगळी बोटं त्या रबरी बोटासारखीच होती.

घरी ठेवायला चिमीने मलाच नेलं, कारण नवे फोन बाबांना साबणाच्या वडीसारखे निसटते वाटत. माझ्या पाठीवरची पट्टी वाचून आई म्हणाली की दोन म्हाताऱ्यांची जोडी छान जमली. बाबाही हसले. चिमीने त्यांना बटण शिकवलं. सरावाचं एक वेगळं पान होतं. तिथे बटण दाबलं की ते नुसतं हिरवं होई, कुणाचा फोन वाजत नसे. तिने बाबांचं बोट आपल्या मुठीत धरलं आणि माझ्या काचेवर टेकवलं. बटण हिरवं झालं. पुन्हा टेकवलं, पुन्हा हिरवं. ती खूश होऊन कामाला गेली.

मित्रांनो, बाबांचा उजवा हात थरथरत असे. गेली काही वर्षं ते वाढतच चाललं होतं. त्यांनी ब्रश कायमचे खाली ठेवले ते त्याच्यामुळेच, पण घरात त्यावर कुणी बोलत नसे. बाबा तो हात खिशात ठेवत आणि बाकीचे तो खिशातच असतो असं धरून चालत. चिमीच्या मुठीत ते बोट स्थिर होतं. ती गेल्यावर बाबांनी एकट्याने सराव करून पाहिला, तेव्हा माझ्या काचेवर पहिल्यांदा त्यांचं खरं बोट आलं.

मी इमानेइतबारे आत कळवलं. टेकलं, हललं, हललं, हललं, उचललं. ॲपने ते ऐकलं आणि पान सरकवतायत असं समजून गप्प बसलं. बटण लालच राहिलं. बाबांनी बोट सदऱ्याला पुसलं, मग जोर लावला. जोर लावला की थरथर आणखी वाढे. शेवटी त्यांनी मला पालथं ठेवलं आणि स्वतःच्या हाताकडे बघत बसले. संध्याकाळी चिमीने विचारलं, ‘जमतं ना, बाबा?’ तर म्हणाले, ‘न जमायला काय झालं?’

मला तोंड असतं तर मी त्याच क्षणी बोललो असतो. पण फोनला तोंड दुसऱ्यांचं बोलणं पोचवायलाच दिलेलं असतं. त्यानंतर रोज सकाळी बाबा मला सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवत आणि मी मनात म्हणे, आज नको. निदान आज तरी नको.

ती वेळ एका दुपारी आली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई ते ॲप साऱ्या रुग्णांच्या घरी देणार होत्या. आई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. आधी तिला ठसका लागला, मग ती कठड्याला धरून खाली बसली. तिच्या श्वासाची शिट्टी मला खिशात ऐकू आली. बाबांनी तिच्या तोंडाशी पंप धरला, पण तो संपत आला होता, फुसफुसून थांबला. मग त्यांनी मला काढलं.

त्यांचा चष्मा आत टेबलावर राहिला होता. पण बटण आंधळ्यालाही सापडेल एवढं मोठं होतं. त्यांनी बोट टेकलं. भीतीने हात असा थरथरत होता की मीच त्यांच्या दुसऱ्या मुठीत हिंदकळत होतो. टेकलं, हललं, हललं, उचललं. काही नाही. पुन्हा. काही नाही. आईचे ओठ निळसर दिसायला लागले. तिचा हात बाबांच्या पायजम्याला घट्ट धरून होता. बाबांनी तर्जनी सोडून अंगठा लावला, मग डावा हात लावून पाहिला. तोही भीतीने कापत होता. प्रत्येक दाबाला लाल पान जरासं वरखाली होई आणि तिथेच थांबे. मी आत बातम्यांवर बातम्या पाठवत होतो. हा माणूस मदत मागतोय हे मला कळत होतं, आणि हे कळवायला माझ्याकडे त्या तीनच बातम्या होत्या. इतका लाचार मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

अखेर बाबांनी मला खिशात कोंबलं आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहत. मशीनच्या आवाजात त्यांना पहिली हाक ऐकूच गेली नाही. दुसरी गेली. गळ्यात टेप तशीच घेऊन त्या धावत वर आल्या, त्यांनी आईला धरून खाली उतरवलं आणि समोरच्या दुकानदाराच्या गाडीतून दवाखाना गाठला. आई वाचली. थोडा उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही.

चिमी धापा टाकत आली. आईच्या तोंडावर मास्क होता, पण श्वास नीट चालू होता. ते पाहून ती बाहेर बाकावर बाबांशेजारी बसली. दवाखान्यात फोन वाजलाच नव्हता आणि तिचाही वाजला नव्हता. तिने हळूच विचारलं, ‘बाबा, बटण दाबलंत का?’

बाबांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. ‘नाही गं. घाबरलो. सुचलंच नाही.’

मी त्यांच्या खिशातच होतो. त्यांनी बटण किती वेळा दाबलं, ते मला ठाऊक होतं. लेकीचं काम उद्या गावभर जाणार होतं आणि आपल्या मेलेल्या बोटापायी त्याला बट्टा लागावा, हे त्यांना नको होतं. बोटच नालायक आहे, बटण नाही, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती.

चिमीने झटपटला फोन करून हे सांगितलं. तो आईची विचारपूस करून म्हणाला की मग ॲपचा दोष नाही, सुटलो. उद्याचं ठरल्याप्रमाणे होऊ दे. ती हो म्हणाली. कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं. घरी परतलेल्या काकूंचा नंबर माझ्यात होता, त्यांना कळवायला म्हणून तिने बाबांच्या खिशातून मला काढलं आणि खिडकीच्या उजेडात काच तिरकी धरली.

काचेवर लाल बटणाच्या जागी डागच डाग होते. बोटांचे, अंगठ्याचे, एकावर एक, ओढल्यासारखे. बाकीची काच स्वच्छ होती. ऑफिसात झटपटचं फडकं हे सगळं पुसून टाकी, पण इथे पुसायला कुणी नव्हतं. चिमी बराच वेळ त्या डागांकडे बघत राहिली. मग बाबांकडे न बघता तिने माझ्यातली एक सोय चालू केली. ती चालू असली की बोट काचेवर जिथून फिरेल तिथे पांढरी रेघ उमटते. तिने सरावाचं पान उघडलं आणि मला बाबांच्या मांडीवर ठेवलं.

‘एकदा दाबा, बाबा.’

‘आता कशाला? तुझी आई आत...’

‘एकदाच.’

बाबांनी हात खिशातून काढला. मला वाटलं, ते उठून जातील. पण त्यांनी बोट टेकलं. काचेवर रेघ उमटली, वेडीवाकडी, चिमणीने पायाने माती उकरावी तशी. बटण लालच राहिलं. बाबा त्या रेघेकडे वाकून पाहू लागले. भिंती आखलेल्या त्या माणसाने आपला हात असा रेघेत उमटलेला कधी पाहिलाच नव्हता.

‘ही माझी रेघ आहे?’ त्यांनी विचारलं.

‘हो, बाबा,’ चिमी म्हणाली. ‘तुम्ही दाबत होतात. माझ्या बटणाला कळलं नाही.’

मग तिला बाबांना बटण शिकवल्याचा दिवस आठवला असावा, कारण तिने आपली मूठ उघडून पाहिली आणि मिटली. तिने पुन्हा झटपटला फोन लावला आणि उद्या काहीही द्यायचं नाही म्हणून सांगितलं. तो वैतागला. त्या म्हाताऱ्या फोनची काच गेली आहे, तो भंगारात टाक आणि दुसऱ्यावर बघ, असं तो म्हणाला. मी तिच्या हातात होतो आणि माझा निकाल मी स्वतःच्या कानांनी ऐकत होतो. चिमी शांतपणे म्हणाली, ‘काच खरं सांगतेय. नियम मी चुकीचा लिहिलाय.’ डॉक्टरीणबाईंनाही तिने तिथेच जाऊन सांगितलं. त्या चांगल्याच रागावल्या, पण आत मास्क लावून कोण झोपलं आहे ते त्यांना माहीत होतं.

आईजवळ काकू येऊन बसल्या आणि संध्याकाळी चिमी बाबांना घेऊन ऑफिसात आली. झटपट अजून फुरंगटलेलाच होता. त्याने काचेवरची रेघ पाहिली, स्वतःचा हात तसा थरथरवून पाहिला, पण ते त्याला जमेना. मग त्याने मुकाट्याने आपली गादीची खुर्ची बाबांना दिली. चिमीने नवा नियम लिहिला. लाल बटणाखालचं पान सरकणारच नाही. बोट बटणावर टेकलं आणि बटणावरूनच उचललं, की मधे ते कितीही भटको, तो दाबच. माझ्यात ॲप नव्याने बसलं. बाबांनी बोट टेकलं. टेबलावरचा चिमीचा फोन वाजला, आणि एकच रिंग होऊन थांबला.

बाबांनी पुन्हा दाबलं. वाजला, थांबला. बाबा हात खिशाकडे नेऊ लागले तसा मी आतून तळमळलो, कारण या वेळी त्यांच्या बोटाची बातमी ॲपने ऐकली होती, आणि तीही दोनदा. चिमीने नवा नियम घातला होता पण जुना काढायचाच राहिला होता. बोट जरा कमी थरथरलं की दोन्ही नियम एकाच दाबाला उत्तर देत. एक फोन लावी, दुसरा लगेच थांबवी. ‘थांबा बाबा, हात आत घेऊ नका,’ असं म्हणून चिमीने ॲपचे सगळे नियम वरपासून वाचून काढले. शोधून सापडलं ते झटपटला, तिच्या खांद्यावरून वाकून बघताना. तिने जुना नियम खोडला.

मग ती स्वतःचा फोन घेऊन पलीकडच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. बाबांनी बोट टेकलं. टेकलं, हललं, हललं, हललं, उचललं. पलीकडे फोन वाजायला लागला आणि वाजतच राहिला. तिने उचलला. माझ्यातून तिचा आवाज आला, ‘बोला, बाबा.’

बाबा माझ्या तोंडाशी वाकून म्हणाले, ‘चिमे, मी दाबलं होतं गं दुपारी. खूप दाबलं.’

‘माहितीये, बाबा.’

झटपट खिडकीतून बाहेर बघत उभा होता. चिमी हे नाव त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, पण आजवर एकदाही त्यावरून तिला चिडवलेलं नाही.

मित्रांनो, पुढे ते ॲप घरोघर गेलं, थोडं उशिराने. आता ऑफिसात कोणतंही बटण तयार झालं की आधी बाबांना बोलावणं जातं. ते गादीच्या खुर्चीत बसतात, उजवा हात टेबलावर सगळ्यांसमोर ठेवतात आणि ताटाळ्यातल्या एकेका फोनची बटणं दाबून नापसंतीचे शेरे देतात. झटपट त्यांच्याआधी काचा पुसतो, त्यांच्यानंतर पुसत नाही.

मी वायरीला बांधलेला आहे. माझे दिवस थोडे राहिले आहेत, हे मला कळतं. जाताना एकच मागणं मागतो. तुमच्या घरात कुणी आजी, कुणी काका एखादं बटण दाबदाबून खट्टू होत असतील आणि ‘मला मेलं काही जमत नाही’ म्हणत असतील, तर हसू नका. आणि त्यांचं बोट हातात धरून त्यांच्या वतीने दाबूनही देऊ नका. जरा शेजारी बसा आणि त्यांना एकट्याने दाबू द्या. त्यांचं बोट कसं टेकतं, ते नीट बघा. आम्ही काय ते खरं कळवत असतोच, पण आम्हाला तुमच्यासारखं तोंड नाही.